अर्ध्या इंचाची गट्टी

पडदा अडकला, मी हिसका दिला आणि रॉड खाली आला. झालं एवढंच होतं. निस्तरायला मात्र तीन रविवार गेले.

आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. इमारत जुनी, मजला तिसरा, हॉलची खिडकी खाडीच्या बाजूला. जुलैमधली संध्याकाळ, माझे हात कणकेत, आणि पाऊस एकदम आडवा आत यायला लागला. खिडकी लावायची तर आधी पडदा बाजूला घ्यायला हवा. तो अर्ध्यावर येऊन थांबला. तसा तो रोजच तिथं थांबायचा. रॉडला त्या जागी गंजाचा पट्टा होता आणि पडद्याच्या रिंगा तिथं घसरण्याऐवजी अडून बसायच्या. एरवी मी वरची कड धरून एकेक रिंग पुढे ढकलायचे. त्या दिवशी कणकेचे हात पडद्याला लागू नयेत म्हणून तो कोपरात धरला आणि सरळ खाली खेचला. डावीकडचा ब्रॅकेट भिंतीतून बाहेर, रॉड तिरका, पडदा टीव्हीवर, आणि रॉडच्या टोकाचा लिंबाएवढा सोनेरी नॉब थेट आप्पांच्या चहात.

आप्पा म्हणजे माझे वडील. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीसेक वर्षं फिटर होते. आता वय 81, हात थरथरतात, त्यामुळे हत्यारांची पेटी पलंगाखाली आणि अधिकार खुर्चीत. त्यांनी आधी विचारलं, "लागलं का गं कुठं?" मग नॉब चहातून काढून बशीत ठेवला आणि म्हणाले, "ब्रॅकेट राहू दे. भोक कसं आहे ते बघ."

मी काही भोक बघितलं नाही. मी सुताराला फोन केला.

ठाण्यात घर अख्खं फोडून नवं करायचं असेल तर दहा माणसं दारात उभी राहतात. एक रॉड लावायचा असेल तर कोणी येत नाही. पहिले दोघं म्हणाले, "अजून काय काम आहे का ताई? नुसत्या रॉडसाठी नाही परवडत." तिसरा "येतो" म्हणाला. हे "येतो" काय असतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको.

चार दिवस खिडकीला जुनं सोलापुरी पांघरूण लावून काढले आणि रविवारी मी स्वतःच चढले. स्टुलावर, भिंतीवर नव्हे, पण आप्पांचा चेहरा बघून वाटलं असतं की भिंतीवरच.

पहिला उपाय मला आधीपासून माहीत होता, म्हणजे मोबाइलवर दहा जणांनी करून दाखवला होता: ढिल्या भोकात काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरायचा, वाळू द्यायचं, मग त्यातच स्क्रू पिळायचा. आप्पा म्हणाले, "तो दाराच्या बिजागरीचा उपाय आहे." मी ऐकलं नाही. गुलाच्या बाजूने मोडून सात-आठ काड्या कोंबल्या, संध्याकाळपर्यंत थांबले, स्क्रू पिळला. मस्त घट्ट बसला. पडदा टांगला, सगळ्यांना बोलावून दाखवला. मंगळवारी सकाळी ब्रॅकेट काड्यांच्या जुडीसकट बाहेर लोंबत होता.

आप्पांचं म्हणणं बरोबर होतं. लाकडात स्क्रूचे आटे झिजले की काड्या भरून नवं लाकूड तयार होतं. डिंक दोन्हीकडच्या लाकडात मुरतो, दोन्ही एकजीव होतात. कपाटाचं दार, पलंगाची फळी, दाराची कडी इथं हा उपाय वर्षानुवर्षं टिकतो. भिंतीत मात्र काड्या एकमेकींना चिकटतात, भिंतीला नाही. प्लास्टरची भुकटी होते आणि भुकटीला कोण चिकटणार?

दुसऱ्या रविवारी एपॉक्सी पुटी आणली. कोणत्याही कंपनीची असो, दुकानात सगळे तिला एम-सीलच म्हणतात. दोन रंगांच्या दोन कांड्या, सारख्या घ्यायच्या आणि एकच रंग होईपर्यंत मळायच्या. कणकेचा सराव इथं कामी आला. मळल्यावर हाताशी फार वेळ नसतो, ती चटकन ताठ होऊ लागते. दोन्हीकडच्या भोकांत ठासून भरली. उजवीकडचं तर भोक राहिलंच नव्हतं. डावी बाजू सुटल्यावर रॉड उजव्या ब्रॅकेटवर लोंबकळला होता आणि त्या पिळाने तिथलं प्लास्टर लिंबाएवढं उखडून आलं होतं. सगळं लिंपून, त्यात प्लास्टिकच्या गट्ट्या, म्हणजे स्क्रूला धरून ठेवणाऱ्या नळ्या, दाबून एक दिवस तसंच ठेवलं. सोमवारी रात्री स्क्रू पिळले. दगडासारखं. बुधवारी डावीकडचा गोळा अख्खा बाहेर आला, गट्टी-स्क्रूसकट, दाढ उपटल्यासारखा. गोळ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. मागे सगळीकडे पांढऱ्या भुकटीचा लेप होता, पिठात घोळवलेल्या लाडवासारखा.

"भोक साफ केलं होतंस?" आप्पा.

नव्हतं केलं.

"भोकातली धूळ म्हणजे बॉल बेअरिंग. त्याच्यावर काय हवं ते बसव, ते फिरणार आणि सुटणार."

तेव्हा कुठं मी भोक बघितलं. मोबाइलचा दिवा लावला आणि केरसुणीची एक काडी आत घातली. उजवीकडे स्क्रू काढल्यावर काडी दीड इंच आत गेली. डावीकडे अर्धा इंच गेली आणि टक्‌ करून थांबली. दुसऱ्या स्क्रूच्या भोकातही तेच. मग पहिल्या दिवशी पडलेली गट्टी आठवली. ती मी चहाच्या बशीत नॉबशेजारी ठेवली होती आणि बशी तशीच टीव्हीखाली. आप्पांनी आपल्या सहा इंची स्टीलच्या पट्टीवर ती मोजली. अर्धा इंच. एक टोक कारखान्यातून आल्यासारखं गुळगुळीत, दुसरं ब्लेडने तिरकं कापलेलं.

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अर्धी केलीय लेकाच्याने. कापून बसवलीय!"

त्याचा अर्थ असा. खिडकीच्या वर भिंतीचं वजन पेलायला काँक्रीटची आडवी तुळई असते, तिला लिंटल म्हणतात. ती खिडकीएवढीच नसते. दोन्ही बाजूंना साधारण सहा-सहा इंच भिंतीत शिरलेली असते. आमचा डावा ब्रॅकेट खिडकीच्या कडेपासून चार इंचांवर, म्हणजे बरोबर लिंटलवर. उजवा मात्र आठ इंच बाहेर, कारण कोपऱ्याकडे पडदा गोळा व्हायला जागा हवी होती. तिथं लिंटल संपून वीट लागते. आमच्याआधी ज्यांनी घर घेतलं होतं त्यांच्या वेळी ज्याने कोणी हे रॉड लावले, त्याचं ड्रिल साधं असणार. विटेत ते लोण्यासारखं गेलं. डावीकडे प्लास्टर संपलं, काँक्रीट लागलं, ड्रिल नुसतं किंचाळत बसलं असेल. आतलं प्लास्टर जेमतेम अर्धा इंच जाडीचं असतं. तेवढंच भोक पडलं, म्हणून त्याने गट्टी तेवढीच कापली, स्क्रूही आखूड घेतला, वर ब्रॅकेटची चकती आली. दिसायला दोन्ही बाजू सारख्या. घरातल्या सगळ्यात मजबूत जागी सगळ्यात कच्चं काम.

आणि तरी तो रॉड एवढी वर्षं टिकला होता, हेही खरं. मागच्या दिवाळीत मी जाड, मागे अस्तर असलेले ब्लॅकआउट पडदे घेतले तेव्हापासून त्याचे दिवस भरले होते. पडद्याचं वजन सरळ खाली असतं तोवर स्क्रू ते पेलतो. पण रॉड भिंतीपासून चार इंच पुढे असतो. तुम्ही पडद्याला खाली हिसका दिलात की ब्रॅकेट खालच्या कडेवर टेकतो आणि वरची बाजू भिंतीपासून उचकटायला बघतो, पहारेने दगड उचकटतात तसा. वरचा स्क्रू ओढला जातो, खालचा उलट दाबला जातो. ब्रॅकेट ढिला होतो तो नेहमी वरून. म्हणून दोनपैकी एकच भोक चांगलं असेल तर ब्रॅकेट फिरवून ते वर आणायचं, हे आप्पांनी मला काडेपेटीवर दोन टाचण्या टोचून समजावलं.

तिसऱ्या शनिवारी पूल ओलांडून पश्चिमेला गेले, जांभळी नाक्याच्या बाजारात. पावसाळ्यातला शनिवार, श्रावण तोंडावर, भाजीच्या टोपल्या अर्ध्या रस्त्यात, छत्र्यांना छत्र्या. हार्डवेअरच्या दुकानात काय हवं ते नाव घेऊन मागितलं नाही तर काय मिळेल ते देवाला माहीत. मी "पडद्याचे स्क्रू" म्हणाले. काउंटरवरच्या पोराने काळे, टोकदार स्क्रू पुडीत बांधले. घरी आणून दाखवले तर आप्पांनी एक पकडीत धरून वाकवला. वाकलाच नाही, टिचकन तुटला. हे जिप्समच्या पार्टिशनचे स्क्रू. कडक असतात, पण ठिसूळ. परत गेले. या वेळी चिठ्ठी नेली: दहा नंबरचे दोन इंची स्टेनलेस स्क्रू, 8 मिमीच्या दोन इंची गट्ट्या, 8 मिमीचं भिंतीचं बिट. म्हातारे शेठ स्वतः उठले, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "ये किसने लिखा है? पुराना आदमी है." आप्पांना हे सांगितल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

ड्रिल दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडून आणलं, हॅमरवालं. याच्यावर एक खटका असतो, हातोडीचं चित्र असलेला. तो लावला की बिट फिरता फिरता ठोकेही देतं. काँक्रीटला हे हवंच. विटेला हातोडी लावायची नाही, वीट आतून फुटते आणि भोक पसरट होतं. सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, तेव्हा सकाळी अकराला सुरू केलं. आधी एसीची वायर भिंतीतून कुठून उतरते ते बघून घेतलं. पॉइंटच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावायचं नाही. डोळ्यांवर नवऱ्याचा पोहण्याचा चष्मा. तो त्या आठवड्यात नाशिकला होता, म्हणून हरकत घेणारं कोणी नव्हतं.

बिटाच्या टोकापासून सव्वादोन इंचांवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे कुठं थांबायचं ते कळतं. भोकाच्या खाली एका लग्नपत्रिकेचं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवलं. धूळ त्यात पडते, सोफ्यावर नाही. ही एकच युक्ती माझी स्वतःची, बाकी सगळं आप्पांचं. डावीकडे खटका हातोडीवर. आधी पांढरी भुकटी आली, अर्ध्या इंचानंतर करडी. करडी आली तेव्हा आप्पा खुर्चीतून म्हणाले, "आता लागली खरी भिंत." लोखंडाची भीती होती. सळ्या बहुतेक लिंटलच्या खालच्या आणि वरच्या कडेजवळ असतात, आणि आम्ही खिडकीच्या वर तीन इंचांवर, मधोमध होतो. लागली असती तर बिट जागीच फिरत राहिलं असतं आणि चमकणारी भुकटी आली असती; मग भोक इंचभर सरकवायचं, जोर करायचा नाही. नाही लागली. जोर कमी, मध्ये मध्ये बिट बाहेर काढून धूळ पाडायची, परत आत. दोन भोकांना दहा मिनिटं.

मग सायकलचा पंप. तोंडाला स्ट्रॉचा तुकडा लावून भोकाच्या तळापर्यंत नेला आणि हवा मारली. एवढी धूळ बाहेर आली की पोहण्याच्या चष्म्याचं सार्थक झालं. पंप, मग जुना टूथब्रश, परत पंप. गट्टी हाताने अर्धी गेली, उरलेली हातोडीच्या चार ठोक्यांनी भिंतीशी सपाट. तशीच जायला हवी. बोटाने सरळ आत गेली तर भोक मोठं झालं समजायचं. ब्रॅकेटची भोकं दहा नंबरच्या स्क्रूला लहान पडत होती, ती गोल कानशीने वाढवली. हे आप्पांनी स्वतः केलं. कानस चालवताना त्यांचा हात थरथरत नाही. मी बघितलं, बोलले नाही.

उजवीकडे खरा प्रश्न होता. तिथं लिंबाएवढा खड्डा आणि त्यात माझी एम-सील. छिन्नीने उकरून काढल्यावर मागची वीट शाबूत निघाली, पण ब्रॅकेट जिथं टेकायला हवा नेमकं तिथंच भगदाड. सिमेंट भरून आठवडाभर पाणी मारत बसायचं, नाहीतर ब्रॅकेट सरकवायचा. सरकवला तर रॉड आखूड पडतो. तिसरा मार्ग आप्पांचा. भगदाडावर लाकडाची फळी मारायची, तिचे स्क्रू चारी कोपऱ्यांना, चांगल्या विटेत, आणि ब्रॅकेट त्या फळीवर. त्यांच्या तरुणपणी प्लास्टिकच्या गट्ट्या घरोघरी नव्हत्या. भिंतीत छिन्नीने चौकोनी भोक पाडायचं, त्यात सागाचा खुंट ठोकायचा, तीच गट्टी. देवघराची फळी अजून तशा खुंटांवर आहे.

फळी कुठून आणायची यावर घरात वाद झाला. माळ्यावर एक पाट होता, एक पाय निखळलेला, सागवानी, बसायला निरुपयोगी. आई म्हणाली, "माझ्या लग्नातला आहे तो." आप्पा म्हणाले, "माझ्यापण." शेवटी आईनेच सांगितलं की कापायचा तर पितळी फुल्यांची बाजू ठेवा, दुसरी घ्या. चार बाय सहा इंचांचा तुकडा करवतीने काढला, कडा पॉलिशपेपरने घासल्या, भिंतीचाच रंग दिला. लाकडात स्क्रूसाठी आधी बारीक भोकं पाडून घेतली, नाहीतर कडेला साग चिरतो. चार कोपऱ्यांना विटेत 8 मिमीची चार भोकं, या वेळी खटका साध्या फिरकीवर. लाल भुकटी. एका भोकाला लाल ऐवजी करडी वाळूसारखी भुकटी आली आणि बिट एकदम आत गेलं. दोन विटांमधला सांधा. तिथं गट्टी सहसा नीट धरत नाही, म्हणून भोक पाऊण इंच वर सरकवलं आणि सांध्यातलं पुटीने बुजवलं. फळी अशी बसली की तिला धरून मी स्टुलावर तोल सावरला.

पडदा टांगण्याआधी आप्पांनी दोन्ही ब्रॅकेटना तांदळाची पाच-पाच किलोंची पिशवी अडकवून रात्रभर ठेवायला लावली. सकाळी उठले तर ते आधीच खुर्चीत बसून पिशव्यांकडे बघत होते.

एक सांगायचं राहिलं: लेव्हल. दोन्ही ब्रॅकेट मी पाण्याच्या नळीने एका पातळीत घेतले होते. रॉड चढवला तर आई म्हणाली, "वाकडा आहे." नळी लावून दाखवली, तरी वाकडा. वाकडी खिडकीची चौकट होती, डावीकडे बोटभर खाली. जुन्या इमारतीत रॉड पाण्याला नव्हे, चौकटीला समांतर लावायचा हे कळलं तेव्हा सहा भोकं पाडून झाली होती. फळीवरचा ब्रॅकेट थोडा वर घेऊन अर्धा फरक मिटवला. उरलेला अर्धा आईला अजून दिसतो.

पण या सगळ्याला सुरुवात ज्याने झाली तो गंज तसाच होता. रॉड आम्ही स्टेनलेस स्टीलचा समजत होतो. फ्रिजवरचा चुंबक लावला तर चप्पकन बसला. लोखंडावर चकचकीत मुलामा. रिंगांनी घासून मुलामा उडाला, खाडीची दमट हवा, झालं. पूर्वी मी त्यावर शिवणयंत्राचं तेल लावत असे. आठवडाभर पडदा छान पळायचा, मग तेलात धूळ बसून काळं खरकटं तयार व्हायचं आणि पडद्याच्या वरच्या कडेला काळी वर्तुळं उमटायची. या वेळी गंज शून्य नंबरच्या पॉलिशपेपरने हलका घासला, कोरड्या फडक्याने पुसला, जिथं लोखंड उघडं पडलं तिथं चंदेरी रंगाचा हात दिला. तो दोन दिवस वाळल्यावर देवापुढच्या मेणबत्तीचा तुकडा रॉडच्या वरच्या बाजूवर लांबीने घासला आणि फडक्याने चोळला. मेण कोरडं राहतं, धूळ धरत नाही. पडदा आता बोटाने सरकतो. हे महिन्या-दोन महिन्यांनी परत करावं लागतं. करते. रॉडला मध्ये थोडी झोळ आली होती, म्हणून त्याला गोल फिरवून पोट वर केलं आणि मधोमध तिसरा ब्रॅकेट दिला. दोन पडदे दोन बाजूंना जात असतील तर मधला ब्रॅकेट आड येत नाही. एकच पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा असेल तर येतो.

रिंगांपैकी तीन तुटल्या होत्या. या प्लास्टिकच्या रिंगा दोन अर्ध्या चकत्यांच्या असतात, एकीला दात, एकीला खाच. कापड मध्ये धरून दाबल्या की खटकन बसतात. मशीन लागत नाही, ते धातूच्या रिंगांना लागतं. कापडाचं भोक कडेने फाटलं असेल तर नवी रिंगही निसटते. मी मागून शर्टाच्या कॉलरला लावतात त्या बकरमचा चौकोन इस्त्रीने चिकटवला, दोन टाके घातले, मग रिंग बसवली. आणि एक: रिंगा सम संख्येत ठेवायच्या. आठ, दहा, बारा. एक कमी पडली म्हणून मी एका पडद्याला अकरा ठेवल्या, तर त्याचं एक टोक भिंतीकडे आणि दुसरं खोलीकडे तोंड करून उभं राहिलं, रुसल्यासारखं.

हातात ड्रिल आणि अंगात जोर असताना स्वयंपाकघरही उरकलं. तिथं खिडकीच्या अर्ध्या उंचीवर स्प्रिंगचा पडदा आहे, आपल्या सगळ्यांच्या घरी असायचा तसा, पांढऱ्या प्लास्टिकच्या वेष्टणाची स्प्रिंग आणि दोन टोकांना आकडे. ती सैल पडून पडदा हसऱ्या तोंडासारखा लोंबतो. नवी आणायची गरज नसते. एका बाजूचा आकडा उलटा पिळून काढायचा, पकडीने दोन इंच स्प्रिंग कापायची, आकडा परत आत पिळायचा. पाच मिनिटं, खर्च शून्य. जास्त कापू नका. मी उत्साहात तीन इंच कापली आणि खिळ्यावर चढवताना ती सुटून खाली डाळीच्या पातेल्यात गेली. आमच्या घरातल्या पडद्यांना खाण्यापिण्याचं काय आकर्षण आहे कळत नाही.

बेडरूममध्ये रॉड नाही, छतालगत अॅल्युमिनियमचा ट्रॅक आहे. त्यात नायलॉनचे रनर असतात, त्यांच्या छिद्रांत पडद्याचे हूक. अर्धे रनर तुटून पडदा मधेच झोळ खात होता. ट्रॅकच्या टोकाचा स्टॉपर काढला की रनर एका ओळीत बाहेर येतात. ट्रॅकमधली धूळ जुन्या टूथब्रशने काढली, नवे रनर सरकवले, अंदाजाने दर चार इंचांना एक. सगळं छान झालं आणि मग स्टॉपर सापडेना. पलंगाखाली, हत्यारांच्या पेटीत, आप्पांच्या चहाच्या बशीतसुद्धा बघितलं. स्टॉपर नसेल तर पडदा जोरात ओढला की सगळे रनर मण्यांसारखे खाली. तात्पुरता म्हणून ट्रॅकच्या कडेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. निळा. जांभळी नाक्याच्या शेठनी सुटा स्टॉपर गुरुवारी येईल असं सांगितलं होतं. आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार आहे, आणि चिमटा अजून वरच आहे.